खांद्यावरचा दोन



आधी एक सोपा प्रश्न. पाचचा वर्ग किती?

"पंचवीस!" असं तुम्ही एका सुरात ओरडलात, ते मला इथं गारखेड्यात ऐकू आलं. शाबास! आता दुसरा प्रश्न. पाचचा वर्ग लिहायचा कसा?

यात काय विचारायचं, असं वाटलं ना? ५ लिहायचा आणि त्याच्या उजव्या खांद्यावर एक छोटासा २ बसवायचा. झालं! मलाही तसंच वाटायचं. बारा वर्षं फळ्यावर खडूनं लिहीत आले, कधी दुसरा विचार केला नाही. पण मागच्या वर्षी त्या एवढ्याशा २ नं मला चांगलाच धडा शिकवला. तीच गोष्ट आज सांगणार आहे. आणि हो, या लेखात मी तो छोटा २ आकड्यात लिहिणार नाही, 'खांद्यावरचा दोन' असंच लिहीन. का, ते पुढे कळेलच.

त्याचं असं झालं. सातवीची घटक चाचणी होती, वीस गुणांची. धडा होता घातांकांचा. प्रश्नपत्रिका मी रात्री जागून हातानं लिहिली आणि सूतगिरणी चौकाकडे जाताना एका दुकानात टाइप करायला दिली. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढलेले कागद तयार. घाईत होते. वरवर नजर फिरवली, पिशवीत घातले आणि शाळा गाठली.

चौथा प्रश्न होता, पाचचा वर्ग अधिक तीन. उत्तर अठ्ठावीस. पेपर तपासताना बहुतेकांचं अठ्ठावीसच आलेलं दिसलं. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, पंचावन्न. मी लाल शाईनं फुली मारली. वीसपैकी एकोणीस.

पेपर वाटले. मधल्या सुट्टीत ती मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, बावन्न अन् तीन पंचावन्नच होतात ना?"

"अगं, बावन्न कुठून आले? घातांकाचा धडा ना हा? पाचचा वर्ग आहे तो."

"पण बाई, इथं तसं नाहीये."

खरं सांगते, मी तिच्या हातातला कागद नीट पाहिलासुद्धा नाही. रजिस्टर भरायचं होतं, घंटा व्हायची वेळ झाली होती. मी म्हणाले, "एका गुणासाठी वाद घालू नये. धड्याकडे लक्ष दे." ती गप्प जागेवर जाऊन बसली. त्या दिवशीच्या पुढच्या तासात तिचा हात एकदाही वर आला नाही. एरवी मी प्रश्न विचारायच्या आत वर असायचा!

संध्याकाळी घरी चहा घेताना ते आठवलं आणि घास अडकल्यासारखं झालं. प्रश्नपत्रिका काढली आणि शेजारी माझा हातानं लिहिलेला कागद ठेवला. माझ्या कागदावर २ व्यवस्थित खांद्यावर बसला होता. छापील कागदावर मात्र तो खाली उतरून ५ च्या शेजारी, त्याच्याच उंचीचा होऊन उभा होता. ५२ + ३ = ? असा प्रश्न. पंचावन्नच!

म्हणजे बघा, बाकीच्या मुलांनी माझ्या मनातलं वाचलं होतं. तिनं एकटीनं कागदावरचं वाचलं होतं. आणि फुली मात्र तिला मिळाली होती.

तेवढ्यात माझा भाचा आला. तो इथंच इंजिनिअरिंगला आहे. माझा चेहरा बघून म्हणाला, "काय झालं मावशी?" मी कागद पुढे केला. तो हसायलाच लागला. "मावशी, आमच्याकडे तर हे रोजचंच आहे. थांब, तुला गंमत दाखवतो."

त्यानं लॅपटॉप उघडला. पायथन नावाची एक संगणकाची भाषा आहे, ती तो शिकतो. "इथं तुझा खांद्यावरचा दोन टाइपच करता येत नाही. मग लोक काय करतात, तर मध्ये टोपी घालतात." असं म्हणून त्यानं टाइप केलं:

५^२

(पडद्यावर आकडे इंग्रजी होते, तुमच्यासाठी मी आपल्या आकड्यांत लिहिते.) ही टोपी तुम्ही पाहिली आहे. वहीत शब्द गाळला गेला, की तो वर लिहून खाली आपण जे काकपद करतो ना, तशीच ती दिसते. हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे ज्याला सगळे एक्सेल म्हणतात त्यात, हेच लिहिलं तर उत्तर पंचवीस येतं. भाच्यानं पायथनमध्ये लिहिलं आणि बटण दाबलं. उत्तर आलं, ७.

"सात? बिघडलाय तुझा लॅपटॉप!" मी म्हणाले.

"नाही मावशी. पायथनमध्ये टोपीचा अर्थच वेगळा आहे."

तो अर्थ ऐका, सोपा आहे. संगणक आत सगळे आकडे ० आणि १ वापरून लिहितो. पाच म्हणजे १०१, दोन म्हणजे ०१०. हे एकाखाली एक मांडायचे. वरच्या आणि खालच्या घरात वेगळे अंक असले तर १ लिहायचा, सारखे असले तर ०. इथं तिन्ही घरांत वेगळेच आहेत, म्हणून १११. आणि १११ म्हणजे सात. पायथनमध्ये टोपी हे काम करते. वर्ग हवा असेल तर दोन चांदण्या घालाव्या लागतात, अशा: ५**२. मग येतं पंचवीस.

बघा, एकच पाच आणि एकच दोन. शेजारी ठेवले तर बावन्न, टोपी घातली तर कुठे पंचवीस आणि कुठे सात. आणि सातचं उत्तर देताना संगणक "काहीतरी चुकलंय" असं म्हणतही नाही! तो माझ्या मनातलं वाचत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीसारखंच, समोर जे लिहिलंय ते वाचतो.

मी विचारलं, "पण चांदण्याच का? नीट खांद्यावर का नाही बसवत?"

त्याची गोष्ट जुनी आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीतल्या जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फोरट्रान' ही भाषा तयार केली. गणिताची सूत्रं संगणकाला जवळजवळ आपल्यासारखीच लिहून देता यावीत, म्हणून ती होती. तेव्हा आजच्यासारखे पडदे नव्हते. जाड कागदाच्या कार्डाला भोकं पाडायची, एका कार्डात ८० घरं, एका घरात एक अक्षर. भोकं पाडणाऱ्या यंत्रावर इंग्रजीतली फक्त मोठी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं. सगळं एकाच ओळीत. खांदा नाहीच, तर त्यावर बसायचं कुठं? गुणाकाराची फुलीही त्या यंत्रावर नव्हती. म्हणून गुणाकाराला एक चांदणी ठरवली आणि घाताला दोन. त्या यंत्रांची कार्डं केव्हाच इतिहासजमा झाली, पण चांदण्या राहिल्या. आज तुमच्यापैकी कुणी पायथन शिकत असेल तर तो किंवा ती त्याच चांदण्या वापरते.

मग भाचा मला सांगायला लागला ती गोष्ट मला फार आवडली. जानेवारी १९६० मध्ये युरोप आणि अमेरिकेतले तेरा तज्ज्ञ पॅरिसला जमले आणि त्यांनी 'अल्गोल ६०' या भाषेचे नियम पक्के केले. त्या नियमांचा अहवाल डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी संपादित केला. अडचण अशी होती, की प्रत्येक देशातल्या यंत्रावर चिन्हं वेगळी, छापखान्यातले खिळे वेगळे. मग एकच भाषा सगळ्यांची कशी करायची?

त्यांनी युक्ती केली. अहवालाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं, की या भाषेची तीन रूपं आहेत. पहिलं नियमाचं रूप. वाद झाला तर हेच खरं मानायचं. त्यात घातासाठी वर जाणारा बाण होता, असा: ↑. दुसरं छापण्याचं रूप. पुस्तकात, मासिकात छापताना बाण काढून तो आकडा खांद्यावर चढवला तरी चालेल. आणि तिसरं यंत्राचं रूप. ज्या यंत्रावर जी चिन्हं असतील ती वापरा, पण कुठलं चिन्ह कशाच्या जागी आहे ते लिहून ठेवा.

हे म्हणजे कसं, तर तुमच्यातला एखादा मुलगा शाळेत गणवेशात असतो, घरी बनियनवर असतो आणि मामाच्या लग्नात शेरवानीत. कपडे तीन, पण मुलगा एकच. फक्त तो एकच आहे, हे बघणाऱ्याला माहीत हवं!

(त्या बाणाचं पुढे काय झालं? संगणकाच्या अक्षरांची जी अमेरिकी प्रमाण यादी १९६३ मध्ये ठरली, तिच्यात हा बाण होता. १९६७ मध्ये यादी सुधारली तेव्हा त्याच जागेवर टोपी आली. एक्सेलमधली टोपी वर्ग का करते, ते आता कळलं ना?)

अशी नियमपुस्तकं आजही लिहिली जातात. 'सी' नावाच्या भाषेचं प्रमाण नियमपुस्तक आहे. त्यातही आधी सांगितलेलं असतं, की जाड अक्षरात छापलेला शब्द जसाच्या तसा लिहायचा आणि तिरक्या अक्षरातला शब्द म्हणजे नुसतं जागेचं नाव, तिथं आपलं आपण काहीतरी भरायचं. हे ऐकून मला माझ्या पहिलीच्या वर्गाची आठवण झाली. एकदा मी फळ्यावर लिहिलं होतं, 'माझे नाव (तुमचे नाव) आहे.' दहाबारा जणांनी वहीत सुंदर अक्षरात उतरवलं, 'माझे नाव तुमचे नाव आहे.' चूक कुणाची? कंस म्हणजे काय, हे मी सांगितलंच नव्हतं!

तुमच्या बीजगणिताच्या पुस्तकात बघा. अज्ञात संख्येचं अक्षर थोडं तिरकं छापलेलं असतं. ती नुसती शोभा नव्हे. इंग्रजी एक्स हे अक्षर आणि गुणाकाराची फुली यांची गल्लत होऊ नये, हाही त्याचा उपयोग आहे. डोनाल्ड नूथ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांना १९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहायला मिळाली. गणिताची छपाई त्यांना इतकी वाईट वाटली, की ती नीट व्हावी म्हणून त्यांनी 'टेक' नावाची संगणक प्रणालीच लिहायला घेतली. जगभरचे गणिताचे अभ्यासक आज ती वापरतात. एक माणूस मुद्रितं बघून एवढं करतो, आणि मी? मी तर झेरॉक्सची प्रत एकदा नीट वाचलीही नव्हती.

भाचा जेवून गेला. मी मात्र विचार करत बसले. आधी चिन्हांचा करार सांगायचा आणि मग गणित करायचं, हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं. कुठं बरं? मग आठवलं. अरे, हे तर आपल्या शेजारचंच!

आमच्या इथून कन्नडचा घाट उतरला, की चाळीसगाव तालुका लागतो. तिथं डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे, पाटणादेवीचं पाटण. शाळेची सहल घेऊन मी गेले आहे तिथं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथं मठ काढला होता, असं सांगणारा शिलालेख पाटणला आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानतात.

कपाटातून बीजगणिताची ओळख करून देणारं जुनं पुस्तक काढलं. आणि सापडलं! भास्कराचार्य अगदी सुरुवातीलाच सांगतात, की ओळख पटावी म्हणून नावांची पहिली अक्षरं लिहायची आणि जी संख्या ऋण असेल तिच्या डोक्यावर टिंब द्यायचं. आधी करार, मग गणित!

त्यांची पद्धत बघा. जी संख्या माहीत नाही ती 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढी असेल तेवढी'. तिचं पहिलं अक्षर 'या'. दुसरी अज्ञात संख्या आली तर तिला रंगाचं नाव. कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा. त्यांची अक्षरं का, नी, पी. वर्ग असेल तर 'व'. आणि नुसती संख्या असेल तर 'रूप', म्हणजे 'रू'. आता आपण ज्याला 'क्ष चा वर्ग अधिक ३ क्ष अधिक ५' म्हणतो, ते असं लिहायचं:

या व १ या ३ रू ५

गंमत लक्षात आली? अधिकचं चिन्हच नाही. शेजारी ठेवलं की बेरीज. आणि वर्गाचा 'व' खांद्यावर नाही, ओळीतच बसलेला. तो खाली पडायची भीतीच नाही! पण डोक्यावरचं टिंब मात्र पडू शकतं. त्यातल्या ५ वर टिंब दिलं, तर तो होतो उणे पाच. धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नकलून घेणारा माणूस तेवढं टिंब द्यायला विसरला, तर पाच रुपयांचं कर्ज क्षणात पाच रुपयांची संपत्ती होईल! माझ्या प्रश्नपत्रिकेत तसंच झालं होतं. पंचवीसचे एका रात्रीत बावन्न झाले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. हजेरी घेतली आणि पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर दोन्ही लिहिलं, मला जे लिहायचं होतं ते आणि जे छापलं गेलं ते. मग म्हणाले, "चौथ्या प्रश्नात माझी चूक झाली. कागद मी वाचून बघायला हवा होता. अठ्ठावीस लिहिणाऱ्यांनी मला काय म्हणायचं असेल ते ओळखलं, त्यांचा गुण राहील. पंचावन्न लिहिणारीनं जे छापलं होतं ते बरोबर सोडवलं. तिचं उत्तर बरोबर आहे. आणि काल तिनं मला ते सांगितलं, तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. ती माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी."

वर्ग एकदम शांत. त्या मुलीनं खाली बघितलं. मग हळूच विचारलं, "बाई, मग पेपरातच वर लिहायचं ना, कोणत्या चिन्हाचा काय अर्थ ते?"

पॅरिसचे तेरा तज्ज्ञ आणि आपले भास्कराचार्य यांनी जे केलं, तेच ही पोरगी सांगत होती!

त्या दिवसापासून आमच्या फळ्याचा डावीकडचा वरचा कोपरा 'कराराचा' झाला. तो पुसायचा नाही. दोन अर्थांचं चिन्ह सापडलं, की मुलं ते तिथं लिहितात आणि आम्ही सगळे मिळून अर्थ ठरवतो. तुम्हाला वाटेल, अशी चिन्हं असतील किती? अहो, मुलांनी आठवडाभरात कोपरा भरून टाकला! १०.३० म्हणजे साडेदहा वाजले, की दहा पूर्णांक तीन दशांश? ३/४ म्हणजे पाऊण, की तीन एप्रिल? देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ किती सारखे दिसतात! सेमी इंग्रजीच्या मुलांची तर त्यात नेहमीच फसगत होते. बरोबरचं चिन्हसुद्धा एका मुलाच्या दादानं वादात ओढलं. पायथनमध्ये एक बरोबर म्हणजे 'ही किंमत ठेव' आणि दोन बरोबर शेजारीशेजारी म्हणजे 'हे सारखे आहेत का?' हे त्यानं सांगितलं. तेही कोपऱ्यात गेलं.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. मुलाचं उत्तर चुकलेलं दिसलं, की आपण आधी मुलाला रागावतो. रागावण्याआधी एकदा प्रश्न बघा. मुलानं काय वाचलं असेल, हे त्याच्याच डोळ्यांनी वाचून बघा. कधीकधी चूक त्याच्या डोक्यात नसते, कागदावर असते. मी शिक्षिका असून मला ते एका मुलीच्या मुकाट्यानं खाली गेलेल्या हातानं शिकवलं.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी घरचा अभ्यास. आज वर्तमानपत्राचं, वहीचं किंवा पुस्तकाचं कुठलंही एक पान घ्या आणि दोन अर्थ होतील अशी तीन चिन्हं शोधा. घरातल्या कुणाला तरी अर्थ विचारा. दोघांची उत्तरं वेगळी आली, तर भांडू नका. करार करा!

हो, एक सांगायचं राहिलंच. त्या मुलीची उत्तरपत्रिका मी परत मागून घेतली. एकोणीसचे वीस केले, सही केली. पण लाल शाईची ती फुली काही पुसता येईना. तिच्यावर बरोबरची खूण केली, तर फुली आणि खूण मिळून भलतंच काहीतरी दिसायला लागलं. शेवटी चिन्हांचा नाद सोडला आणि शेजारी सरळ शब्दांत लिहिलं, 'उत्तर बरोबर. चूक बाईंची.'

तो कागद तिच्या कंपासपेटीत अजून आहे, घडी घालून ठेवलेला.